सर्व्हरची किल्ली कोणाकडे?

जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जी या तेलशुद्धीकरण कंपनीची ई-पत्रव्यवहाराची यंत्रणा अचानक बंद पडली. यंत्र बिघडले नव्हते, वीज गेली नव्हती, आणि सेवेचे पैसेही आगाऊ भरलेले होते असे कंपनीचे म्हणणे होते. रशियाच्या रोझनेफ्टचा नायरामध्ये मोठा हिस्सा असल्याने युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध घातले. ते निर्बंध भारतीय कायद्याने बंधनकारक नसतानाही मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीने आपली सेवा थांबवली. नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि काही दिवसांत सेवा पूर्ववत झाली.

नायरा ही काही गरीब बिचारी संस्था नव्हे. देशी-विदेशी भांडवलाच्या साटेलोट्यात कोणाचे किती नुकसान झाले याबद्दल कामगार चळवळीने अश्रू ढाळण्याचे कारण नाही. परंतु जिच्यापाशी नामांकित वकील उभे करण्याची ऐपत होती, तिची ही अवस्था झाली. सोलापुरात पाच-सहाशे घरांना इंटरनेट पुरवणाऱ्या एखाद्या लहान व्यावसायिकाच्या यंत्रणेवर परदेशातून असे कुलूप पडले, तर तो कोणत्या न्यायालयाची पायरी चढणार? स्वतःच्या खोलीत ठेवलेला सर्व्हर आणि परदेशी कंपनीच्या केंद्रातून भाड्याने मिळणारी सेवा यांत फरक आहे, हे मान्य. खोलीतला सर्व्हर त्याच रात्री बंद पडणार नाही. पण त्याच्या सुधारणा, परवान्याचे नूतनीकरण, त्यातील दोषांची दुरुस्ती हे सारे ज्याच्या मर्जीवर आहे, त्याच्या हाती किल्ली आहेच; ती फिरण्यास थोडा अधिक वेळ लागेल एवढेच. म्हणून इंटरनेट पुरवणाऱ्याने आपल्या सर्व्हरवर कोणती ऑपरेटिंग सिस्टिम बसवावी, हा वरकरणी निव्वळ तांत्रिक भासणारा प्रश्न वस्तुतः मालकीचा प्रश्न आहे.

नोव्हेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट सेवेचे क्षेत्र खाजगी पुरवठादारांना खुले केले, तेव्हा परवान्यांचे तीन वर्ग केले: देशभरासाठी ‘अ’, राज्यासाठी किंवा महानगरासाठी ‘ब’, आणि साधारणतः जिल्ह्याएवढ्या दूरसंचार क्षेत्रासाठी ‘क’. या तिसऱ्या वर्गामुळे जिल्ह्याच्या गावातला माणूसही या धंद्यात उतरू शकला. सोलापूरसारख्या शहरांतून पुढे केबल टीव्हीच्या व्यवसायातील अनेकांनी हीच वाट धरली; कोणी स्वतःचा परवाना घेतला, कोणी मोठ्या परवानाधारकाचा हस्तक झाला. बड्या कंपन्यांच्या रेट्यातही यांतील काही जण तग धरून आहेत, ते तार तुटली तर तासाभरात माणूस पाठवण्याच्या बळावर.

असा पुरवठादार म्हणजे केवळ खांबावरून तारा ओढणारा माणूस नव्हे. ग्राहकाने संकेतस्थळाचे नाव लिहिले की त्यामागचा आकडी पत्ता शोधून देणारा एक सर्व्हर असतो. ग्राहक खरा की खोटा हे तपासून वाट मोकळी करणारा दुसरा, प्रत्येक जोडणीला पत्ता वाटून देणारा तिसरा, वापराचा हिशेब मांडणारा चौथा, नोंदी साठवणारा पाचवा. कधी ही सारी कामे दोन-तीन यंत्रांतच भागवलेली असतात. नोंदी ठेवणे तर आता कायद्याचे काम झाले आहे. दूरसंचार विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये परवान्याच्या अटी बदलून एका वर्षाऐवजी दोन वर्षे नोंदी जपण्याचे बंधन घातले. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने संगणकीय नोंदी १८० दिवस ठेवण्याचा आणि यंत्रांची घड्याळे सरकारी प्रमाणवेळेशी जुळवण्याचा आदेश काढला. (नागरिक केव्हा, कोठे जोडला गेला याची दोन वर्षांची खतावणी सरकारला कशासाठी हवी, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.) ही सगळी कामे ज्या पायावर चालतात ती ऑपरेटिंग सिस्टिम. यंत्र आणि त्यावरील कार्यक्रम यांच्या मधला हा कारभारी. तो कोणाचे ऐकतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

सोलापूरकराला हे समजावण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. सोलापुरी चादरीवरची नक्षी जेकार्डच्या मागावर उमटते, ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेतून. कोणत्या क्षणी कोणता धागा वर उचलायचा याचा हुकूम त्या भोकांत असतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये निघालेली ही युक्ती, आय.बी.एम.च्या जुन्या यंत्रांना हुकूम देणारी कार्डे हीही त्याच कुळातली. आता अशी कल्पना करा की मागवाल्याला पुठ्ठ्यांची माळ मिळाली, पण ती पत्र्याच्या मोहोरबंद पेटीत. नक्षी बदलायची तर पेटी बनवणाऱ्याकडे अर्ज करायचा, एखादे भोक चुकले तर तो दुरुस्त करील तेव्हा वाट पाहायची, आणि माळ दुसऱ्या मागावर चढवली तर दुसऱ्यांदा पैसे मोजायचे. सोलापुरातील कोणताही विणकर अशी पेटी दारातही उभी करणार नाही. या शहराचे यंत्रमाग टिकले ते येथला फिटर माग खोलू शकतो, घासलेला भाग गावातल्या लेथवर करून घेऊ शकतो आणि संध्याकाळपर्यंत माग पुन्हा सुरू करू शकतो म्हणून. संगणकाच्या बाबतीत मात्र हेच शहर, आणि हेच राज्य, मोहोरबंद पेटी निमूटपणे विकत घेत आले.

बंदिस्त सॉफ्टवेअर म्हणजे मूळ संहिता न देता विकलेले सॉफ्टवेअर. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे मूळ संहिता हाती देऊन, ती वाचण्याचा, बदलण्याचा आणि इतरांना वाटण्याचा हक्कही देणारे. ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ यांची गल्लत पुष्कळदा केली जाते. फुकट हा किमतीचा शब्द आहे, मुक्त हा हक्काचा. चळवळीला दुसऱ्या शब्दाशी कर्तव्य आहे.

या प्रश्नाला भारतात इतिहास आहे, आणि तो समाजवाद्यांच्या विस्मरणात गेलेला आहे. १९७७ मध्ये जनता सरकारात जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्यानुसार परदेशी कंपन्यांनी आपले भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावे, असा आग्रह सरकारने धरला. लोकांच्या लक्षात राहिली ती कोका-कोला. परंतु त्याहून महत्त्वाची होती आय.बी.एम. ही कंपनी जुनी, डागडुजी केलेली यंत्रे भारतीय संस्थांना भाड्याने देत असे. यंत्र कंपनीचे, दुरुस्ती कंपनीची, भाडे मात्र भारतीय संस्थेचे. अट मान्य न करता १९७८ मध्ये ती निघून गेली. आता देशातील संगणक धूळ खात पडणार, अशी भाकिते पुष्कळांनी वर्तवली. तसे घडले नाही. सार्वजनिक क्षेत्रातील कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनने त्या यंत्रांची देखभाल हाती घेतली, आणि भारतीय अभियंत्यांनी ती चालवून दाखवली. बोनेट उघडू द्या, आत काय आहे ते आम्ही पाहून घेतो, हा आत्मविश्वास त्या काळात आला.

त्यानंतर ज्या देशी कंपन्या उभ्या राहिल्या, त्यांनी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा आश्रय घेतला. कारण सरळ होते. युनिक्स एका कंपनीच्या यंत्राला बांधलेली नव्हती. ‘सी’ भाषेत लिहिलेली असल्याने ती एका बनावटीच्या यंत्रावरून दुसऱ्यावर नेता येत असे. १९८४ च्या रंगराजन समितीनंतर बँकांत यांत्रिकीकरण सुरू झाले, तेव्हाही युनिक्सवर चालणारी यंत्रे आली. चळवळीचे त्या वेळचे सगळे बळ यंत्र येऊ द्यायचे की नाही, नोकऱ्या जातील की राहतील, या वादात खर्च झाले. नोकऱ्यांची चिंता रास्तच होती. पण आलेच यंत्र, तर त्याच्या पोटातला हुकूम कोणाच्या ताब्यात राहील, हा दुसरा प्रश्न कोणी विचारला नाही. राममनोहर लोहियांनी लहान यंत्राचा, म्हणजे माणसाच्या आवाक्यातल्या यंत्राचा विचार मांडला होता. तो संगणकाला लावून पाहण्याचे काम त्यांच्या अनुयायांकडून राहून गेले.

महाराष्ट्रात तर इंटरनेट आले तेच युनिक्सचे बोट धरून. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची दोन केंद्रे मुंबईत होती: जुहूचे नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी आणि पवईचे आय.आय.टी. या दोहोंमध्ये पहिल्या काळात संदेश गेले ते टेलिफोनच्या तारेवरून, एका युनिक्स यंत्राने दुसऱ्याशी बोलण्याच्या पद्धतीने. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सार्वजनिक सेवा सुरू केली, तेव्हा स्वस्तातले खाते घेणारा ग्राहक काळ्या पडद्यावर युनिक्सशीच व्यवहार करीत असे. पुढे याच विदेश संचार निगमचे व्यवस्थापन २००२ मध्ये टाटा उद्योगसमूहाकडे गेले, आणि कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन तर त्याच्या आदल्याच वर्षी गेली होती. सार्वजनिक पैशाने शिकलेले हात खाजगी खात्यावर जमा झाले.

युनिक्सची स्वतःची कथाही कुंपणाचीच कथा आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती जन्मली. तिच्या मालक कंपनीवर टेलिफोनच्या मक्तेदारीबद्दल सरकारी निर्बंध असल्याने तिला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते, म्हणून विद्यापीठांना ती अल्प मोबदल्यात, मूळ संहितेसह मिळाली. बर्कलेच्या विद्यापीठात सरकारी अनुदानावर तिच्यात भर पडत गेली, आणि इंटरनेटची भाषा १९८३ मध्ये तिला तेथेच शिकवली गेली. मग टेलिफोनची मक्तेदारी मोडली, निर्बंध सुटले, आणि मालकाला आपल्या मालाची किंमत कळली. परवान्याचे दर चढले. १९९२ मध्ये बर्कलेच्या संहितेवरून खटला उभा राहिला, तो १९९४ च्या आरंभी मिटला. अनेकांनी मिळून नांगरलेल्या गायरानावर एकाने सातबारा काढावा, तसा हा प्रकार. त्याचा प्रतिकार दोन बाजूंनी झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ पासून मुक्त प्रणाली नव्याने लिहिण्याचे काम आरंभले आणि असा परवाना रचला की त्याखाली दिलेली संहिता सुधारून वाटणाऱ्याने आपली सुधारणाही त्याच अटींवर खुली ठेवली पाहिजे. १९९१ मध्ये फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवल्ड्स याने लिनक्सचा गाभा लिहिला, आणि तो या परवान्याखाली आला. दुसऱ्या बाजूने बर्कलेच्या वारशातून १९९३ मध्ये फ्री-बी.एस.डी. निघाली.

या प्रणाली हौशी पोरांचे खेळणे आहेत, असा समज अजूनही काही कचेऱ्यांत आढळतो. १९९६ मध्ये सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी काढलेली हॉटमेल सेवा मायक्रोसॉफ्टने १९९७ च्या अखेरीस विकत घेतली, तेव्हा ती फ्री-बी.एस.डी. आणि सोलारिसवर चालत होती. तिथे स्वतःची विंडोज बसवण्यास खुद्द मायक्रोसॉफ्टला काही वर्षे लागली. आज नेटफ्लिक्स चित्रपटांचा साठा ठेवण्यासाठी पुरवठादारांच्या खोल्यांत जी यंत्रे बसवते, तीही फ्री-बी.एस.डी.वर चालतात. नाव-पत्ता शोधणे, ग्राहकाची ओळख पटवणे या कामांची जगभर रुळलेली सॉफ्टवेअरेही बहुतांशी मुक्तच आहेत. तेव्हा पुरवठादाराच्या नेमक्या कामासाठी क्षमतेचा प्रश्न केव्हाच निकालात निघालेला आहे. त्यावर अधिक शाई खर्चण्याची गरज नाही.

राहिला खर्च. विंडोज सर्व्हरच्या नेहमीच्या आवृत्त्यांचा परवाना २०१६ पासून प्रोसेसरच्या गाभ्यांच्या संख्येवर आकारला जातो, आणि यंत्र लहान असले तरी किमान १६ गाभ्यांचे पैसे द्यावे लागतात. त्याशिवाय सर्व्हरवर ओळख पटवून येणाऱ्या वापरकर्त्यांमागे किंवा यंत्रांमागे वेगळा परवाना. ही डोईपट्टी आहे. पट्टी देण्याने काम संपत नाही: २०१२ च्या आवृत्तीची सुरक्षा-दुरुस्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली, आणि ज्यांना यंत्र तसेच चालवायचे होते त्यांना दुरुस्तीसाठी पुन्हा पैसे भरण्याचा किंवा नवी आवृत्ती घेण्याचा मार्ग उरला. मात्र येथे एक सावधगिरी हवी. परवान्याचे पैसे वाचतात म्हणून मुक्त प्रणाली घ्या, हा सल्ला अर्धवट आहे. मुक्त प्रणाली चालवायला जाणता माणूस लागतो, आणि जाणत्या माणसाला वेतन लागते. फरक एवढाच की परवान्याचा रुपया सातासमुद्रापार जातो आणि वेतनाचा रुपया सोलापुरात राहतो.

‘लिनक्स घेतले, आता आपण स्वतंत्र’ असे मानून स्वस्थ बसलेल्यांना डिसेंबर २०२० मध्ये मोठा धक्का बसला. रेड हॅट या अमेरिकन कंपनीची सशुल्क लिनक्स प्रणाली प्रसिद्ध आहे. मुक्त संहितेच्या नियमांमुळे तिच्याच आधारे २००४ पासून सेंटओएस नावाची विनामूल्य प्रतिकृती निघत असे. पैसे न देता तीच मजबुती, म्हणून असंख्य पुरवठादारांनी ती बसवली. २०१४ मध्ये रेड हॅटने हा प्रकल्प आपल्या छत्राखाली घेतला, तेव्हा अनेकांना आनंदच झाला. २०१९ मध्ये रेड हॅट सुमारे ३,४०० कोटी डॉलरना विकली गेली. विकत घेणारी कंपनी होती आय.बी.एम. पुढल्याच वर्षी घोषणा झाली की २०२९ पर्यंत चालेल असे सांगितलेली सेंटओएसची आठवी आवृत्ती २०२१ च्या अखेरीसच बंद होईल. जून २०२३ मध्ये सशुल्क प्रणालीची संहिता सार्वजनिकरीत्या ठेवण्याची जुनी पद्धतही आखडती घेण्यात आली. सेंटओएसची सातवी आवृत्ती ३० जून २०२४ रोजी संपली. १९७८ मध्ये पुढल्या दाराने गेलेली कंपनी मागल्या दाराने सर्व्हरच्या खोलीत येऊन बसली होती, आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

म्हणजे संहिता मुक्त असणे पुरेसे नाही. ती सांभाळणारी संघटना कोणाच्या ताब्यात आहे हेही पाहावे लागते. महाराष्ट्रात हे निराळे सांगायला नको. सहकारी कायद्याखाली नोंदलेला साखर कारखाना कागदावर सभासदांचाच असतो. प्रत्यक्षात तो कोणाचा झाला, हे पंचक्रोशीतले पोरही सांगेल. फरक इतकाच की मुक्त संहितेच्या जगात असंतुष्ट सभासद उठून जाताना कारखान्याची हुबेहूब प्रत सोबत नेऊ शकतो. सेंटओएस बुडाल्यावर अल्मा आणि रॉकी या नावांच्या दोन प्रणाली वर्षभरात उभ्या राहिल्या, त्या या हक्काच्या बळावर. बंदिस्त सॉफ्टवेअरच्या ग्राहकाला असा हक्क नसतो. त्याने फक्त नवा मालक शोधायचा.

या दृष्टीने पाहता, १९९३ मध्ये इयन मर्डॉक यांनी सुरू केलेली डेबियन ही प्रणाली विशेष विचार करण्याजोगी आहे. तिचा कोणी मालक नाही. तिची लिखित घटना आहे, १९९७ मध्ये मंजूर झालेला सामाजिक करार आहे, आणि जगभर विखुरलेले सुमारे हजार सभासद दरवर्षी मतदानाने आपला प्रमुख निवडतात. मतभेद, गट, महिनोन्महिने चालणारे वाद, ठरावांवर उपसूचना हे सारे तेथे यथासांग होते. पक्षाच्या कार्यकर्त्यांना तो संसार ओळखीचा वाटेल. त्यामुळे कामाची गती मंद आहे, हेही खरे. पण सर्व्हरच्या बाबतीत मंदपणा हा दोष क्वचितच ठरतो. प्रत्येक स्थिर आवृत्तीला साधारण तीन वर्षे नियमित आणि त्यापुढे दोन वर्षे विस्तारित दुरुस्ती मिळते. हिच्या कार्यकर्त्यांची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला भरली होती. सोलापूरच्या पुरवठादाराने डोळे झाकून डेबियनच घ्यावी असे नाही. चित्रफितींच्या साठ्यासाठी फ्री-बी.एस.डी. सरस ठरू शकेल. लहान पुरवठादारांत लोकप्रिय असलेल्या, लातव्हियाच्या मिक्रोटिक कंपनीच्या राउटरांतील प्रणाली लिनक्सच्या गाभ्यावर उभी असली तरी बंदिस्त आहे, आणि तिला तितकाच स्वस्त पर्याय आज सहज मिळत नाही. ती वापरावी लागली तर वापरावी. मात्र ग्राहकांची यादी, हिशेब आणि नोंदी तिच्या पोटात अडकू देऊ नयेत.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूने बोलताना त्याच्या पोटातील शोषणाकडे डोळेझाक करणे समाजवाद्यांना शोभणार नाही. मार्च २०२४ मध्ये एक्स-झेड नावाच्या, माहिती दाबून साठवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी चोरदरवाजा पेरल्याचे उघड झाले. जवळजवळ सर्व लिनक्स प्रणालींत ते सॉफ्टवेअर असते, आणि ते सांभाळत होता एकटा, थकलेला, बिनपगारी माणूस. एका अनोळखी व्यक्तीने दोनएक वर्षे मदतनीस म्हणून काम करून त्याचा विश्वास मिळवला आणि मग विष कालवले. पकडले गेले ते योगायोगाने: सर्व्हरमध्ये शिरताना अर्धा सेकंद अधिक का लागतो, असा संशय आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आला आणि त्याने मूळ संहितेपर्यंत माग काढला. संहिता उघडी होती म्हणून माग निघाला, हे खरेच. पण गूगल, ॲमेझॉन यांसारख्या कंपन्यांचे साम्राज्य ज्या संहितेवर उभे आहे, तिचा एक खांब एका माणसाच्या फुकटच्या रात्रींवर तोललेला होता, हेही तितकेच खरे. ज्ञानाचे गायरान सर्वांचे असते, पण गुरे सर्वांत जास्त असतात ती सावकाराची. बंदिस्त बाजूला अशा अपघातांपासून अभय आहे असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष सुधारणेने जगभर विंडोजवर चालणारी सुमारे ८५ लाख यंत्रे आडवी केली, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली.

आता सर्वांत अवघड आक्षेपाकडे वळले पाहिजे. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर उठवायचे कोणाला? मोठ्या कंपनीचा परवाना घेणारा पुरवठादार मूर्ख नसतो. तो हा निर्धास्तपणा विकत घेत असतो. त्याला मुक्त सॉफ्टवेअरची थोरवी ऐकवून भागणार नाही. त्याला माणूस हवा आहे, आणि माणूस नाही. सोलापुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, विद्यापीठ आहे, तंत्रनिकेतन आहे. तेथून बाहेर पडणारा मुलगा पदवी हातात पडताच पुण्याची गाडी धरतो, कारण येथे त्याच्या विद्येला गिऱ्हाईक नाही. गिऱ्हाईक नाही, कारण येथल्या संस्था विद्या विकत घेत नाहीत, परवाने विकत घेतात.

या दुष्टचक्रात राज्य सरकारचा हातभार मोठा आहे. २००१ मध्ये महाराष्ट्राने एम.एस.-सी.आय.टी. हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू केला. लाखो तरुणांनी, सरकारी नोकरीच्या अटीपोटी कर्मचाऱ्यांनीही, पदरचे पैसे भरून तो केला, आणि ते प्रामुख्याने विंडोज व तिच्या सोबतची कार्यालयीन सॉफ्टवेअरे वापरायला शिकले. त्याच वर्षी केरळने शाळांतून संगणक शिक्षणाचा प्रकल्प हाती घेतला. तेथील शिक्षकांनी आणि डाव्या चळवळीने हा मुद्दा लावून धरला, आणि काही वर्षांत तेथल्या सरकारी शाळांची यंत्रे मुक्त प्रणालीवर आली. शिक्षकच प्रशिक्षक झाले. महाराष्ट्रात शिकवले गेले ते एका कंपनीच्या मालाचे बटण कोठे आहे हे. केरळात शिकवले गेले ते यंत्र चालते कसे. केंद्र सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले, पण धोरणाचा कागद आणि खरेदीची निविदा यांची गाठ क्वचितच पडते.

एकेकट्या पुरवठादाराला रात्रपाळीचा तज्ज्ञ परवडत नाही. दहा-बारा पुरवठादारांना मिळून दोन परवडतात. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट येथल्या लहान पुरवठादारांनी एकत्र येऊन देखभालीची सहकारी संस्था काढावी. तिने सर्वांकडे एकच प्रणाली, एकाच पद्धतीने बसवावी, दुरुस्त्या आधी आपल्या चाचणी-यंत्रावर तपासाव्यात, प्रत्येकाच्या नोंदींची प्रत दुसऱ्याच्या खोलीत कुलूपबंद ठेवावी. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातली मुले तेथे सहा महिने काम शिकतील अशी व्यवस्था विद्यापीठाशी बोलून करता येईल. त्यांना विद्यावेतन द्यावे. ‘अनुभव मिळतो आहे ना’ म्हणून फुकट राबवू नये. एक्स-झेडच्या त्या थकलेल्या माणसाची गोष्ट येथेही घडू शकते. आणि परवान्यापोटी वाचलेल्या रकमेचा थोडा भाग, शेकडा पाच म्हणा, ज्या मुक्त प्रकल्पांवर धंदा चालतो त्यांना दरवर्षी पाठवावा.

हे काम पुरवठादारांवर सोडून चालणार नाही, कारण त्यांच्यात ग्राहक पळवण्याची चुरस आहे आणि एकमेकांवर विश्वास कमी आहे. मध्यस्थ कोणीतरी लागेल. यंत्रमागवाल्यांच्या, विडी कामगारांच्या, बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांत वर्षानुवर्षे काम केलेल्या कार्यकर्त्यांना भांडखोर माणसे एका टेबलाभोवती बसवण्याची सवय आहे. महापालिका, सहकारी बँका, साखर कारखाने यांच्या सर्वसाधारण सभांतून तीन प्रश्न तर विनाविलंब विचारता येतील: सर्व्हरवर कोणती प्रणाली आहे, तिची दुरुस्ती कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आहे, आणि परवान्यापोटी वर्षाला किती रक्कम जिल्ह्याबाहेर जाते. सेंटओएसची सातवी आवृत्ती ३० जून २०२४ रोजी संपली, हे वर आलेच आहे. ती अजून कोणाकोणाच्या खोलीत तशीच चालू आहे, याची यादी पहिल्या बैठकीच्या आधी तयार असावी.